ताकदीची गोळी

"हिला जरा बाहेर बसवा," डॉक्टर म्हणाले.

हिला म्हणजे मला. रक्त माझं काढलं होतं. पोट माझं होतं, पोटातलं लेकरू माझं होतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते सासऱ्यांकडं बघून बोलले. सासरे खुर्चीत बसले होते आणि मी तपासायच्या टेबलावरून नुकतीच उतरून पदर सावरत होते. चपला पायात सरकवायलाही वेळ दिला नाही. नर्सनं दंडाला धरलं, बाहेरच्या बाकावर आणून बसवलं आणि आतून दार लावून घेतलं.

बारामतीतला मोठा खाजगी दवाखाना. गार फरशी, भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो. बाकावर माझ्यासारख्याच पोटुशा बायका. शेजारची म्हणाली, "सासरा आलाय व्हय संगं? नशिबाची हायस बाई." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

सासरे बाहेर आले ते कपाळ पुसतच. त्यांना मी मामा म्हणायचे. म्हणाले, "रगात कमी हाय म्हणत्यात. बाकी समदं झ्याक हाय. गोळ्या चालू करू." मग रस्त्यावर गाडी थांबवून त्यांनी मला शहाळं घेऊन दिलं. मी ते चवीनं प्यायले, आतली मलईसुद्धा खरवडून खाल्ली.

त्या बंद दारामागं माझ्या आणि माझ्या लेकराच्या जिवाबद्दल दोन पुरुषांनी ठरवून टाकलं होतं. ते मला कळायला पुढं कितीतरी महिने गेले.

माझं सासर कन्हेरीला. ऊस, द्राक्षं, दोन ट्रॅक्टर, बंगल्यापुढं पेव्हर ब्लॉक. गावात मामांच्या शब्दाला वजन. माझं माहेर डाळजला. माझे वडील, तात्या, एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत राहिले, स्वतः काही पुढं सरकले नाहीत. अशा माणसाच्या दारात कन्हेरीची गाडी येऊन उभी राहिली आणि मामा म्हणाले, "आमाला काय नगं. पोरगी आन नारळ द्या. दोनीकडचं लगीन आमच्याकडं."

तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. आईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या घराला आपलीच पोरगी कशी दिसली?"

"तुला चांगलं काय बघवतच न्हाय," तात्या म्हणाले.

देणाऱ्यानं हात आखडला की लगेच शंका येते. घेणाराच हात आखडता घेतो तेव्हा लोक त्याला देवमाणूस म्हणतात. आम्हीही म्हणालो.

दवाखान्यातून आल्यावर रोजचा एक नेम सुरू झाला. दिवेलागणीला सासूबाई कोमट दुधाचा पेला घेऊन माझ्याकडं यायच्या. त्यांना मी आत्या म्हणायचे. दुसऱ्या हाताच्या मुठीत एक गोळी. मोठी, लांबट. "ताकदीची गोळी हाय. गिळ." मी गिळेपर्यंत त्या उभ्या राहायच्या. मग पदरानं माझं तोंड पुसायच्या. गोळीची डबी मी कधी पाहिली नाही. कशाला बघायला जाईन? घरात कामाला दोन बायका असताना सासू स्वतः दूध घेऊन येते, याच्यापुढं सुनेला आणखी काय पाहिजे?

मी आईला फोन करून सांगायचे, "आई, आत्या मला हातानं गोळी देत्यात गं." आई तिकडं डोळे पुसायची. माझ्या मैत्रिणींच्या सासवा मला माहीत होत्या. मला वाटायचं, मीच एकटी जिंकले.

सातवा सरला आणि माहेरी जायची वेळ आली. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडची ही रीत कुणी मोडत नाही. मोडली तर चार लोक विचारतात, का मोडली? मुलीकडं काय कमी होतं, का मुलाकडं काय लपवायचं होतं? कन्हेरीच्या घराला तो प्रश्न परवडणारा नव्हता. मग त्यांनी रीत पाळली. हिरवी साडी, ओटी, पेढे, सगळं साग्रसंगीत.

गाडीत बसताना मीच म्हणाले, "आत्या, ती ताकदीची गोळी द्या की संगं."

आत्यांनी मामांकडं पाहिलं. मामांनी गाडीच्या टायरकडं पाहिलं. आत्या म्हणाल्या, "आता गरज न्हाय. तुझी आई करंल की डिंकाचं लाडू."

"पर मला सवय झालीया."

"सांगितलं न्हवं, गरज न्हाय म्हणून?" त्या एकदम तोडून बोलल्या. मग लगेच माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मी मागितली होती. मी स्वतःच्या तोंडानं ती गोळी मागितली होती आणि त्यांनी मला दिली नाही. कारण डबीवर नाव होतं. तात्या कंडक्टर, हातात येईल तो कागद उलटसुलट वाचणारा माणूस. गावातल्या आशाताईनं तर डबी लांबून ओळखली असती. एवढीच अडचण. हे मला नवऱ्यानं नंतर सांगितलं, अगदी सरळ, बैलाची वेसण कुठं ठेवलीय हे सांगावं तसं.

माहेरी आशाताई आली होती. म्हणाली, "समद्या तपासण्या झाल्यात न्हवं?" मी तोऱ्यात म्हणाले, "बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात झाल्यात. समदं चांगलं हाय. कागदं मामांकडं हायती." बाळंतपणही तिथंच करायचं ठरलं होतं. पण लेकरानं कुणाचं ठरलेलं ऐकलं नाही. आधीच कळा सुरू झाल्या, बारामती गाठायला वेळ नव्हता, आणि तात्यांनी मला रिक्षात घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जवळ कागद नाहीत म्हटल्यावर तिथं बोटाला सुई टोचून रक्त तपासलं.

थोड्या वेळानं सिस्टर आली ती हातमोज्यांवर हातमोजे चढवून.

"आधी सांगाया काय झालं हुतं? आमाला बी लेकरं हायती घरी."

"काय सांगायचं?" मी म्हणाले.

"एचआयव्ही हाय तुला. आन वर इचारती, काय सांगायचं."

मला वाटलं, ती पलीकडच्या खाटेवरच्या बाईला बोलतेय. मी मान वळवून तिकडं पाहिलंसुद्धा. ती बाई माझ्याकडं बघत होती. मग तिची खाट तिथून हलवली. झाडलोट करणाऱ्या मावशीनं माझ्या खाटेखालची बादली पायानं लांब सारली. दार उघडंच होतं, बाहेर आई होती. तिनं ऐकलं. तात्यांनी ऐकलं. मी चोर ठरले होते, आणि काय चोरलं हे मला तेव्हा कुठं कळत होतं. कळा येत होत्या म्हणून रडायलाही सवड नव्हती.

मुलगी झाली. एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं बाळाच्या तोंडात औषध घातलं आणि ती माझ्याशी बोलली. माझ्या बापाशी नाही, आईशी नाही. माझ्या डोळ्यांत बघून माझ्याशी. "हे औषध बाळाला लागण होऊ नये म्हणून आहे. तुम्ही गरोदरपणात कसल्या गोळ्या घेत होता का?"

"ताकदीच्या."

"रोज एक? ठरलेल्या वेळेला?"

"व्हय. मोठी, लांबट. सासूबाई द्यायच्या."

तिनं हळू आवाजात विचारलं, "बंद कधी केल्या?"

"म्हायेरी आले तवा."

तिनं खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "ताई, त्या ताकदीच्या नव्हत्या."

दुसऱ्या दिवशी नवरा आला. पांढरा शर्ट, हातात मोसंबीची पिशवी. मी विचारलं, "तुमाला म्हाईत हुतं?"

तो पिशवीच्या गाठीशी खेळत राहिला. मामांना तो आबा म्हणायचा. "लग्नाच्या आधीपासनं हाय मला. आबा म्हणालं, गोळ्या चालू असल्या की बायकुला काय होत न्हाय."

"मग मला कसं झालं?"

"लग्नात घर पाव्हण्यांनी भरलेलं. डबी कुठं काढणार? चुकल्या तवा. पुढं बी चुकतच गेल्या." मग म्हणाला, "तुला माझ्याच डबीतल्या देत हुतो की. माझ्यासाठी दुसरी डबी आणत हुतो सोलापूरवरनं. काय कमी केलं आमी?"

मला त्याच्या आजाराचा राग आला नाही. त्याला तो कुठून झाला हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही. आजार कुणालाही होतो. राग आला तो त्या कोमट दुधाचा. तोंड पुसणाऱ्या पदराचा. माझ्यावर कुणी एवढी माया केली नव्हती आणि ती माया नव्हतीच. ती राखण होती. गोळी पोटात गेली का नाही, बघायला उभ्या राहायच्या त्या. बरं, राखण तर राखण, ती तरी शेवटापर्यंत करायची होती. आपल्याच रक्ताची नात पोटात होती. पण आबरूचा प्रश्न आला आणि नातीपेक्षा डबीवरचं नाव मोठं झालं.

बारशाला सगळे आले. कन्हेरीच्या दोन गाड्या आल्या, जसं काही घडलंच नव्हतं. तात्यांनी मला आधीच बजावलं होतं, "पोरी, चारचौघांत काय बोलू नगंस. पाया पड आन गप ऱ्हा." आत्या जरीची साडी नेसून आल्या होत्या. चांदीच्या वाटीत मध. सोन्याची अंगठी मधात बुडवून नातीच्या जिभेवर ओढायची, ही त्यांच्या घराण्याची रीत.

मी बाळाला छातीशी धरलं आणि म्हणाले, "न्हाय."

"काय न्हाय?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, सहा म्हैनं आईचं दूध, बाकी कायबी न्हाय. मध न्हाय, गुटी न्हाय, पाणी सुदिक न्हाय. दुसरं काय पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा व्हती, मग लागण व्हायचा धोका वाढतुया."

आत्या हसल्या. मग शेजारी बसलेल्या चुलतसासूकडं वळून, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या, "लग्नाआधी म्हायेरात काय धंदं केलं देवाला ठावं. आन आता दूध पाजाय निघालीया."

म्हणजे कन्हेरीत हे असं पसरवून झालं होतं. मीच घेऊन आले. मीच त्यांच्या लेकाला दिलं. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. तिनं ते हळूच खाली ठेवलं. तात्या मान खाली घालून बसले होते.

माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणतात तसं झालं नाही. उलट सगळं एकदम सांधलं गेलं. बाकावर बसवलेली मी, गोळी मागणारी मी, उघड्या दाराच्या खोलीत चोर ठरलेली मी. सगळ्या एकदम उभ्या राहिल्या.

"आत्या," मी म्हणाले, "रोज दिवं लागायच्या वक्ताला तुमी मला कंची गोळी देत हुता, ह्या बायकांना सांगा."

"ताकदीची."

"नाव सांगा."

"गप बस. पाव्हणं बसल्यात."

"पाव्हण्यांनाच सांगतीया. मला एचआयव्ही हाय. मला ठावं न्हवतं तवा आत्यांना ठावं हुतं. मामांना ठावं हुतं. त्या गोळीनं लेकरू वाचणार हुतं, आन म्हायेरी जाताना मी मागितली तरी ती गोळी दिली न्हाय. का तर आबरू जाईल म्हणून. बोला आता, कुणाच्या म्हायेरात धंदं झालं?"

एकेक बाई उठली. ताटं तशीच राहिली, पाण्याचे पेलेही कुणी तोंडाला लावले नाहीत. कन्हेरीच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या. नाव ठेवायला बाळाची आत्या, म्हणजे माझी नणंद पाहिजे, तीही त्याच गाडीतून गेली.

थांबली फक्त शमीमचाची. आमच्या शेजारची, बांगड्या भरणारी. सगळ्या गावच्या बायकांचे हात तिच्या हातातून गेलेले. ती पाळण्याजवळ आली आणि म्हणाली, "दे हिकडं तिला. किती येळ छातीला आवळून धरशील?" तिनं माझ्या लेकीला पाळण्यात घातलं. मी वाकून स्वतःच तिच्या कानात नाव सांगितलं.

पुढं दीड महिन्यानं बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी देवाशी भांडले नाही, नवसही बोलले नाही. गोळी वेळेवर घेत होते आणि तिला पाजत होते. निकाल आला. लागण झाली होती. पुन्हा तपासलं, तरी तेच.

आम्हा दोघींची औषधं जिथून मिळायची त्या सरकारी केंद्रातल्या समुपदेशक बाईंना मी विचारलं, "गोळी बंद झाली नसती तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटपर्यंत चालू राहिली असती तर बाळ बहुतेक करून वाचलं असतं. आमच्याकडं अशी कितीतरी बाळं आहेत, आई पॉझिटिव्ह आणि बाळ ठणठणीत."

बहुतेक करून. हे दोन शब्द घेऊन मी घरी आले. ते अजून माझ्याजवळ आहेत. माझी लेक आता पळते, मांजराची शेपटी ओढते, औषध द्यायला गेलं की ओठ घट्ट मिटून घेते. ती जगेल, शिकेल, म्हातारी होईल. पण रोज औषध घेऊन. आणि ते तिच्या नशिबात नव्हतं. ते तिला घरच्या माणसांनी दिलं.

आमची फारकत झाली. कारण काय लिहिलं, तर 'पटत नाही'. तात्या महिनोन्महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस नातीला खांद्यावर घेऊन केंद्रात आले आणि रांगेत माझ्याशेजारी उभे राहिले.

हे सगळं मी गिळून बसले असते कदाचित. पण परवा शमीमचाची आली आणि दारातच बसली. म्हणाली, "कऱ्हाटीला बांगड्या भराया बोलावलंय. नवरा मुलगा कन्हेरीचा हाय. तुझाच." पोरीचे वडील शाळेत शिपाई. कन्हेरीकरांना काही नको आहे म्हणे. पोरगी आणि नारळ. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची.

मी समुपदेशक बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचा आजार असा सांगायचा नसतो, कायदाच आहे तसा." मला ते पटलं. माझा आजार माझ्याआधी सासऱ्याला सांगितला गेला, त्याचं दुःख मला माहीत आहे. मी विचारलं, "आणि स्वतःचा?" त्या म्हणाल्या, "तो तुमचा आहे. त्याला कोण अडवणार?"

कुणी म्हणेल, मी त्याचं लग्न मोडायला निघाले. त्यानं खुशाल करावं लग्न. केंद्रात मी अशी जोडपी बघते, एकमेकांना सगळं सांगून लग्न केलेली. त्यांची पोरं धडधाकट आहेत. त्यांनी सांगितलं होतं, एवढाच फरक.

मी लेकीला कडेवर घेतलं आणि कऱ्हाटीला गेले. पोरीच्या वडिलांनी चांगलं स्वागत केलं. पाणी दिलं. मी कोण हे कळल्यावर जरा घुटमळले, म्हणाले, "काय असंल ते माझ्यापाशी बोला."

"तुमच्यापाशी न्हाय. पोरीपाशी बोलायचंय."

"ती काय बोलणार? ती ल्हान हाय."

"लगीन तिचंच हाय न्हवं?"

पोरगी आतून आली. ओले हात ओढणीला पुसत. तिला बघून मला मीच दिसले असं काही नाही. ती माझ्यापेक्षा धीट होती, सरळ डोळ्यांत बघत होती. मी तिला माझं सांगितलं. माझ्या लेकीचं सांगितलं. नवऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. ती ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं, "तुमी कवा टेस्ट केलीती? लग्नाच्या आधी का मागनं?"

"मागनं," मी म्हणाले. "तू आधी कर. आन त्याला बी संगं ने. रिपोर्ट तुझ्या हातात घे, बापाच्या न्हाय."

ती वडिलांकडं वळली. पुढं काय झालं ते त्यांच्या घरातलं आहे, मी सांगणार नाही.

काल मामांचा फोन आला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. आवाज गोड. "कऱ्हाटीला जाऊन आलीस म्हणं. तुला काय पायजे ते सांग. आपण माणसं हाय, बसून मिटवू."

"काय नगं मला."

"मग का आमच्या मागं लागलीस?"

मी सांगितलं. अगदी सावकाश, त्यांना एक शब्द चुकू नये म्हणून.

"मामा, तुमी ज्या गावात पोरगी बघाया जाल, त्या गावात मी येणार. लेकीला घेऊन येणार. दारात उभी ऱ्हाणार, आन त्या पोरीला माझं नाव, माझा आजार, माझ्या लेकीचा आजार समदं सांगणार. तुमी मला एकदा बाहेर बसवलं. आता मी बाहेरच हाय. दर गावात हाय."

त्यांनी फोन ठेवला. मी ठेवला नव्हता.